विश्लेषण : साधे की प्रीमियम? तुमच्या मोटारसायकलला नेमके किती ऑक्टेनचे पेट्रोल हवे?

महाग पेट्रोल टाकले की पिकअप वाढतो, इंजिन जास्त टिकते, असा अनेकांचा समज आहे. त्यात तथ्य किती, कोणत्या गाडीला खरोखर जास्त ऑक्टेन लागते आणि ई-२० आल्यानंतर हे गणित कसे बदलले, जाणून घ्या...

पेट्रोल पंपावर गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, ‘दादा, साधे टाकू की प्रीमियम?’ मागे रांग असते, विचार करायला वेळ नसतो. कोणी ‘महाग आहे म्हणजे चांगलेच असणार’ म्हणून प्रीमियम घेतो, कोणी ‘सगळे सारखेच’ म्हणत साधे भरून निघून जातो. प्रत्यक्षात हा प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही. तुमच्या इंजिनाची गरज किती, एवढाच तो प्रश्न आहे. दिवसभर गाडीवर फिरून पोट भरणाऱ्यासाठी मात्र त्याच्या उत्तरावर वर्षाकाठी काही हजार रुपये अवलंबून असतात.

ऑक्टेन म्हणजे नेमके काय?

ऑक्टेन क्रमांक पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना पेट्रोल किती वेळ ‘दम धरू शकते’, म्हणजे ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोहोचण्याआधी स्वतःहून पेट घेत नाही, याचे ते माप आहे.

हे माप १९२०च्या दशकात ठरले. ‘आयसो-ऑक्टेन’ हे रसायन सहजासहजी स्वतःहून पेटत नाही, म्हणून त्याला १०० गुण दिले गेले. ‘हेप्टेन’ मात्र लगेच पेटते, म्हणून त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच दम धरणारे पेट्रोल. ही चाचणी आजही दाब कमी-जास्त करता येणाऱ्या एका सिलिंडरच्या खास इंजिनावर होते. भारतात वापरला जाणारा आकडा ‘रॉन’ म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर असतो. अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने सरासरी काढतात. त्यामुळे तिथल्या पंपावरचे ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१. परदेशी व्हिडिओ पाहून आकड्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

इंजिनात ‘नॉकिंग’ कसे होते?

पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबतो. पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. पण दाब आणि उष्णता जास्त झाली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण एकदम भडकते. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर ऐकू येतो तो डब्यात खडे हलवल्यासारखा कडकड आवाज. यालाच नॉकिंग किंवा पिंगिंग म्हणतात.

कधीतरी क्षणभर असा आवाज आला तर फारसे बिघडत नाही. पण रोज, लोड असताना तो येत राहिला तर पिस्टनचा माथा झिजतो, हेड गॅस्केट जाते आणि शेवटी इंजिन उघडावे लागते. पेट्रोलवर वाचवलेले पैसे मग मेकॅनिककडे जातात.

कोणत्या गाडीला किती ऑक्टेन?

याचे उत्तर प्रामुख्याने कॉम्प्रेशन रेशोवर ठरते. पिस्टन मिश्रण किती पटीने दाबतो, हे तो आकडा सांगतो. दाब जितका जास्त, तितका दम धरणारे पेट्रोल हवे.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०च्या २०२१ पासूनच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९.५:१ आहे. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या वापराच्या गाड्याही साधारण १०:१च्या आसपास असतात. या गाड्या साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच बनवलेल्या आहेत. यामाहा आर १५ चा रेशो ११.६:१ आहे, तर केटीएम ३९० ड्यूकच्या ३७३ सीसी इंजिनाचा १२.५:१ पेक्षा जास्त. एक लिटरच्या सुपरबाइकमध्ये तो १३:१ च्या घरात जातो आणि तिथे ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनची शिफारस सर्रास आढळते.

मात्र केवळ रेशोवरून निष्कर्ष काढू नका. इंजिन पाण्यावर थंड होते की हवेवर, ज्वलनकक्षाचा आकार कसा आहे, ठिणगीची वेळ कशी बसवली आहे, यावरही गरज बदलते. म्हणूनच ११ पेक्षा जास्त रेशो असलेल्या काही गाड्याही ९१ ऑक्टेनवर व्यवस्थित चालतात. अंतिम शब्द गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेचा. त्यात ‘इंधन’ या मथळ्याखाली किमान ऑक्टेन दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते.

ई-२०मुळे काय बदलले?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानुसार साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ रॉन आणि प्रीमियमसाठी ९५ रॉन ठरले. त्यानंतर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन सुमारे १०८ आहे, त्यामुळे मिश्रणाचेही वाढते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, ई-२०मुळे साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१वरून ९५पर्यंत पोहोचले आहे.

म्हणजेच, निव्वळ ऑक्टेनसाठी ‘९५’ची पाटी पाहून जादा पैसे मोजण्याचे कारण आता आणखी कमी झाले आहे. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. प्रीमियम म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल, असे नाही. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियममध्येही इथेनॉल असू शकते. जुन्या गाडीला इथेनॉल नको म्हणून प्रीमियम भरत असाल, तर आधी पंपावर चौकशी करा.

ऑक्टेन वाढले तरी इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, ई-०साठी बनवलेल्या आणि ई-१०साठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई-२०वर ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. ५० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी त्या हिशेबाने ४८ किंवा त्याच्या थोडे वर येते. ही घट ऑक्टेन कमी पडल्याने झालेली नसते. त्यामुळे जास्त ऑक्टेन टाकून ती भरून निघत नाही.

प्रीमियमने पिकअप, मायलेज वाढते का?

ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्यात ९५ किंवा १०० टाकल्याने ताकद वाढत नाही. नॉकिंग होतच नसेल, तर ते रोखण्याची जादा क्षमता वापरलीच जात नाही. चार माणसांच्या घराला दहा किलोचा कुकर आणला म्हणून भात लवकर शिजत नाही, तसेच हे.

अपवाद आहे तो नॉक सेन्सर असलेल्या इंजिनांचा. हा सेन्सर नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे घेतो. कमी ऑक्टेनवर अशी गाडी इंजिन सांभाळते, पण ताकद थोडी कमी करते. जास्त ऑक्टेन मिळाले की पूर्ण क्षमतेने धावते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर नसतो.

प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने जास्त असतात, हा कंपन्यांचा मुद्दा चुकीचा नाही. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर साचणारा मळ त्याने कमी होऊ शकतो. पण वेळेवर सर्व्हिसिंग, स्वच्छ एअर फिल्टर आणि चांगला प्लग यांची जागा ते घेऊ शकत नाही.

खिशाचा हिशेब

समजा, एक डिलिव्हरी करणारा तरुण रोज १२० किलोमीटर गाडी चालवतो. अ‍ॅव्हरेज ५० धरले, तर रोज २.४ लिटर आणि महिन्याचे २६ दिवस धरता सुमारे ६२ लिटर पेट्रोल लागते. प्रीमियम लिटरमागे ८ रुपयांनी महाग असेल, तर महिन्याला सुमारे ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये जादा जातात. त्यात चेन-स्प्रॉकेट आणि मागचा टायर सहज बदलून होतो. गाडीच्या आयुष्यासाठी हा खर्च कितीतरी जास्त उपयोगाचा.

हे पैसे मायलेजमधून वसूल होतील का? साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये धरले, तर खर्च बरोबरीत येण्यासाठी ५०चे अ‍ॅव्हरेज जवळपास ५४वर जायला हवे. खात्री करायची असेल तर टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा आणि दोन्ही प्रकारांच्या किमान तीन-तीन टाक्या त्याच रस्त्यावर चालवून पाहा. एका टाकीवरून काहीच ठरत नाही.

१०० ऑक्टेनचे पेट्रोल तर आणखी महाग. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने ‘एक्सपी १००’ बाजारात आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. पहिल्या टप्प्यातील शहरांमध्ये मुंबई आणि पुण्याचाही समावेश होता. हे पेट्रोल महागड्या, उच्च क्षमतेच्या गाड्यांसाठी आहे. रोजच्या ऑफिसच्या गाडीत ते टाकून काही साधत नाही.

आवाज येत असेल तर आधी काय तपासावे?

साध्या पेट्रोलवर चालणारी गाडी अचानक कडकड करू लागली, तर लगेच प्रीमियमकडे वळू नका. खंबाटकी किंवा कसारा घाटात दोघे बसलेले असताना चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटली, तर चांगले इंजिनही तक्रार करते. एक गिअर कमी केला की आवाज थांबतो. न थांबल्यास इंजिनात साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, इंजिन ऑइलची पातळी आणि जास्त तापणे, या गोष्टी मेकॅनिककडून तपासून घ्या.

पेट्रोल भरल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला, तर भेसळीची शंका घेता येते. रॉकेलचे ऑक्टेन फार कमी असल्याने त्याची भेसळ थेट नॉकिंगला आमंत्रण देते. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून जायला हवा. पेट्रोलची घनता पाहण्याची मागणीही करता येते. बिल मात्र जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी जास्त गेले, तर इथेनॉल पाण्यासोबत तळाशी वेगळे होते आणि वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेनही घसरते. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल, तर टाकीचे झाकण आणि त्याचे रबर नीट आहे ना, ते पाहा.

थोडक्यात काय?

पुस्तिकेत ९१ लिहिले असेल, तर साधे पेट्रोल भरा आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंगवर खर्च करा. ९५ लिहिले असेल, तर त्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल नियमित वापरू नका. कधी आडगावी पर्याय नसेल, तर थोडेच भरा, थ्रॉटल जपून वापरा आणि पुढच्या मोठ्या पंपावर योग्य पेट्रोल घ्या. गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल, तर ऑक्टेनपेक्षा ती ई-२०साठी योग्य आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणे अधिक गरजेचे. पेट्रोलचा पाइप आणि रबरी वायसर, सील सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने तपासून घ्या.

आणि पुढच्या वेळी पंपावर ‘साधे की प्रीमियम?’ असा प्रश्न आला, तर उत्तर रांगेत उभे राहून शोधायला नको. ते सीटखाली किंवा घरातल्या कपाटात ठेवलेल्या त्या पुस्तिकेत आधीच छापलेले आहे.