हवेच्या बंदुकीचा नेम कां चुकतो ?

मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजाराकरितां ती दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु शिंदखेडें-दोंडाईच्याकडून जाणाऱ्या मुलांचें पाऊल यात्रेंत हटकून थबकतें तें फुगे फोडण्याच्या दुकानापाशीं. फळीवर रंगीत फुगे ओळीनें लावलेले असतात, पुढें एक छऱ्याची बंदूक ठेविलेली असते, आणि नेम चुकला कीं बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : "बंदूकच वांकडी आहे !" ऐकणारा हंसून म्हणतो, "नाचतां येईना, अंगण वांकडें !"

म्हण खरी आहे. पण विचारी मनुष्यानें तेवढ्यावर थांबूं नये. अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें. तेव्हां दोष अंगणाचा कीं पावलाचा, हें ठरविण्याची कांहीं रीत असली पाहिजे. यात्रेंतील ती बंदूक व कित्येक घरांतून असलेली छऱ्याची बंदूक या बहुधा एकाच जातीच्या, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या असतात. तिचा नेम बिघडला म्हणजे कोणी नवीन बंदुकीचा हट्ट धरितो, कोणी ती अडगळींत टाकितो, आणि कोणी ती घरींच खोलावयास बसतो. पहिल्या दोहोंत पैसा जातो. तिसऱ्यांत बोट किंवा डोळा जाण्याचें भय असतें. म्हणून ही रीत विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांनाहि ठाऊक असणें इष्ट आहे.

बंदुकीची रचना

या बंदुकींत दारू नसते. नळीच्या मागें एक लोखंडी नळकांडें असून त्यांत दट्ट्या व त्याच्यामागें बळकट स्प्रिंग बसविलेली असते. नळी सांध्यावर मोडून खालीं ओढली म्हणजे दट्ट्या मागें सरून स्प्रिंग दाबली जाते व चापाच्या खिट्टींत अडकून राहते. मग नळीच्या मागील तोंडांत छर्रा बसवून नळी मिटवावयाची. चाप ओढतांच खिट्टी सुटते, दट्ट्या वेगानें पुढें धांवतो, समोरची हवा एकदम दाबली जाते व ती दाबलेली हवा छऱ्याला पुढें लोटते.

छऱ्याचा आकार डमरूसारखा, मध्यें कमरेशीं बारीक असतो. त्याचा मागील भाग पोकळ व पातळ असतो. हवेच्या दाबानें तो किंचित् फुलून नळींतील पेंचदार खांचांना घट्ट बसतो. त्या खांचांमुळें छर्रा स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडतो आणि भोंवऱ्याप्रमाणें आपली दिशा टिकवून धरितो. नेहमींच्या छऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर व वजन सुमारें अर्धा ग्रॅम असतें.

आतां महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दट्ट्या व स्प्रिंग पुढें धांवूं लागतांच बंदूक मागें ढकलली जाते, आणि दट्ट्या टोकाशीं जाऊन अडतांच तीच बंदूक पुढें हिसकली जाते. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत घडतें. तथापि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच बंदूक हलूं लागलेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीच्या बहुतेक लहरीपणाचें मूळ या दुहेरी हिसक्यांत आहे. तो टाळण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत जर्मन कारागिरांनीं स्पर्धेच्या अशा बंदुका केल्या कीं, बार होतांना सबंध यंत्र दस्त्यावर मागें सरकून हिसका गिळून टाकीत असे. १० मीटर हवेच्या बंदुकीची स्पर्धा १९८४ सालीं ऑलिंपिकमध्यें आली. पुढें स्प्रिंग जाऊन तिच्या जागीं पुंगळींत आधींच भरून ठेविलेली दाबाची हवा आली. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यानें २०२२ सालीं कैरो येथें या प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां स्पर्धेंत याच नव्या जातीच्या बंदुका होत्या. तेथें दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर रुंद असतो. आपल्या घरच्या बंदुकीकडून तेवढी अपेक्षा करूं नये. पण १० मीटरांवर दहा छर्रे एका लहानशा वर्तुळांत पडावे, एवढी अवश्य करावी.

नेम म्हणजे सारखेपणा

पुष्कळांची समजूत अशी कीं, बंदूक जोरदार तितकी अचूक. ही समजूत चुकीची आहे. स्प्रिंग थोडी थकली तरी प्रत्येक बार सारख्याच वेगाचा असेल, तर छर्रे एकाच ठिकाणीं, फक्त थोडे खालीं पडतील. उलट जोरदार बंदुकीचा एक बार वेगाचा व दुसरा मंद असेल, तर तिच्यावर भरंवसा ठेवितां येणार नाहीं. म्हणून नेम बिघडला असतां "जोर कमी झाला काय ?" हा प्रश्न आधीं विचारूं नये. "दर वेळीं काय बदलतें आहे ?" हा विचारावा.

यासाठीं अंतर नक्की पाहिजे. छऱ्याचा वेग सेकंदास १६० मीटर धरिला, तर १० मीटर जाण्यास त्याला सेकंदाचा सोळावा भाग लागतो व तेवढ्यांत तो गुरुत्वाकर्षणानें सुमारें २ सेंटिमीटर खालीं येतो. २० मीटरांवर वेळ दुप्पट झाला तर पतन चौपट, म्हणजे सुमारें ८ सेंटिमीटर होतें. हवेच्या अडथळ्यानें तें आणखी वाढतें. आज १२ पावलांवरून व उद्यां २५ पावलांवरून नेम धरणाऱ्यानें बंदुकीस दोष देणें न्याय्य नव्हे.

पहिली परीक्षा : कागदाची साक्ष

वारा नसेल अशा सकाळीं १० मीटर अंतर मोजून घ्यावें. मातीच्या जाड ढिगापुढें पांढरा कागद लावून त्यावर एक काळा ठिपका काढावा. दगडी भिंत किंवा लोखंडी पत्रा मागें कधींहि नसावा, कारण छर्रा उसळून परत येतो. नंतर एकाच ठिपक्यावर नेम धरून दहा छर्रे झाडावे. एखादा चुकला म्हणून मध्येंच नेम बदलूं नये. आपण येथें परीक्षक आहों, स्पर्धक नव्हे. मग कागद काय सांगतो तें पाहावें.

दहाहि छिद्रें एकवटलेलीं, पण ठिपक्यापासून दूर असतील तर आनंद मानावा. बंदूक निर्दोष व हात स्थिर आहे. फक्त नेमाची खूण सरकली आहे. छर्रा ज्या बाजूस न्यावयाचा त्याच बाजूस मागची खांच थोडीथोडी सरकवावी. छिद्रांचे दोन वेगळे पुंजके पडले असतील तर बंदुकीचा एखादा भाग ढिला असून दोन जागीं बसत असावा. छिद्रें उभ्या ओळींत पसरलीं असतील तर बहुधा वेग कमीजास्त होत आहे, किंवा नेमबाजाचा श्वास बंदुकीला वरखालीं करीत आहे. आणि तीं चोहोंकडे विखुरलीं असतील तर पुढील क्रमानें शोध करावा.

हा क्रम मुद्दाम असा लाविला आहे कीं, ज्यांत खर्च नाहीं व धोका नाहीं तें आधीं यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक बदलानंतर नवा कागद लावून दहा छर्रे झाडावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या औषधाचा हें कळणार नाहीं.

शोधाचा क्रम

१. धरणारा हात. स्प्रिंगची बंदूक आवळून धरणें ही सर्वांत सामान्य चूक होय. आवळण्याचा जोर दर वेळीं निराळा पडतो व त्याप्रमाणें हिसकाहि निराळा होतो. दस्त्याचा पुढील भाग उघड्या तळहातावर नुसता टेकावा. खांद्यास दस्ता हलकेंच लावावा. बंदुकीला हवी तशी, पण दर वेळीं सारखीच उसळूं द्यावी. भिंतीच्या कडेवर किंवा दगडावर ती टेकवूं नये, कारण कठीण आधारावरून ती उडते. आधार पाहिजेच असेल तर वाळूच्या पिशवीवर हात व हातावर बंदूक असावी. चाप ओरबाडूं नये, सावकाश दाबीत जावा. आणि बार झाल्यावरहि क्षणभर नेम तसाच धरून राहावें. शक्य असल्यास सरावलेल्या दुसऱ्या मनुष्याकडून त्याच बंदुकीनें दहा छर्रे झाडवावे. त्याचीं छिद्रें एकवटलीं तर अंगण सरळ आहे, हें उघड झालें.

२. छर्रा. डबी हातांतून पडली कीं मऊ शिशाच्या छऱ्यांच्या पातळ कडा चेपतात व असा छर्रा वांकडा जातो. प्रत्येक छर्रा पाहून घ्यावा. चेपलेले वेगळे काढावे. एकदां झाडलेला छर्रा वेंचून पुन्हां वापरूं नये. बसवितांना तो सरळ व नळीच्या तोंडाशीं सपाट बसला पाहिजे. निरनिराळ्या कारखान्यांच्या छऱ्यांत केसाएवढा फरक असतो, आणि एका बंदुकीला मानवणारा छर्रा दुसरीला मानवेलच असें नाहीं. दोनतीन प्रकार आणून प्रत्येकाचा कागद वेगळा ठेवावा. नवीन बंदुकीच्या खर्चापुढें हा खर्च कांहींच नाहीं.

३. स्क्रू. दुहेरी हिसक्यानें स्क्रू ढिले होतात. खानदेशांत आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो व लांकडी दस्ता सुकून आंखडतो. पावसाळ्यांत तोच फुगतो. त्यामुळें आषाढांत घट्ट असलेला स्क्रू वैशाखांत सैल सांपडतो. दस्त्याचे पुढील दोन व चापाजवळचे स्क्रू बेताचे आवळावे. फार आवळल्यास लांकूड चिरतें. नंतर नळी मिटलेली असतां तिचें टोक हलवून पाहावें. सांध्यांत खडखड असेल तर सांध्याचा बोल्ट पाहावा. नेमाची खांच, पुढची खुंटी व दुर्बीण लाविली असल्यास तिच्या कड्या यांचीहि हीच तपासणी करावी. साधी दुर्बीण या बंदुकीच्या पुढच्या हिसक्यानें आंतून खिळखिळी होते. म्हणून ती काढून नुसत्या खुणेवर एकदां परीक्षा घ्यावी.

४. नळी. शिशाचा थर व धूळ सांचली असेल तर मऊ कापडाची पट्टी दोरीनें मागील तोंडाकडून पुढें ओढून घ्यावी. लोखंडी सळई घालूं नये. ती खांचा व नळीची कड खरवडते. नळीच्या टोकाची कड एके जागीं ठेंचली असेल तर हवा एका बाजूनें आधीं सुटून छऱ्यास ढकलते. स्वच्छ केल्यावर पहिले कांहीं छर्रे इकडेतिकडे जातील. ते हिशेबांत धरूं नयेत.

५. सांध्यावरील वॉशर. नळी मिटल्यावर सांध्यांतून हवा गळत असेल तर वेग कमीजास्त होतो. सांध्यावर पातळ कागदाचा लहान तुकडा ठेवून, छर्रा भरून, ढिगाकडे बार काढावा. कागद उडाला तर वॉशर झिजला असें समजावें. तो स्वस्त असतो व सहज बदलतां येतो.

६. तेल. बंदूक अडली कीं तिच्यांत यंत्राचें तेल ओतण्याची खोड पुष्कळांस असते. दट्ट्यापुढें गेलेलें तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें पेट घेतें. मोठा आवाज होतो, धूर निघतो व छर्रा भलत्याच वेगानें जातो. आवाज वाढला म्हणजे बंदूक सुधारली, असें समजूं नये. ती बिघडत आहे.

७. दट्ट्या व स्प्रिंग. वरील सर्व पाहूनहि छिद्रें विखुरलेलीं व बार मंद असेल, तरच येथें यावें. आणि येथें आपण थांबावें. आंतील स्प्रिंग बंदूक रिकामी असतांनाहि दाबांत असते. मागील खीळ काढतांच ती गोळीसारखी बाहेर येऊं शकते. हें काम योग्य साधनें असलेल्या जाणत्या कारागिराचें आहे.

पालकांस दोन शब्द

ही बंदूक खेळणें नव्हे. १९५९ चा शस्त्रकायदा व २०१६ चे नियम यांप्रमाणें ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलांहून अधिक जोर नसलेल्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाहीं. पण परवाना नको म्हणजे धोका नाहीं, असें नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास २०० मीटर वेगानें जात असेल तर त्यांत १० ज्यूल ऊर्जा असते. डोळ्यास तिच्या अंशाचाहि आघात सोसत नाहीं. मुलांनीं वडील माणसांच्या देखत, डोळ्यांस चष्मा लावून व मागें मातीचा ढीग ठेवूनच बंदूक हातीं घ्यावी. छर्रा भरतांना उघडी नळी एका हातानें घट्ट धरावी व दुसऱ्या हाताचें बोट चापापासून दूर ठेवावें. नळी उघडी असतांना चाप सुटला तर ती झटक्यानें मिटते, बोटें चिरडतात व नळीहि वांकते. छर्रा न भरतां बार काढूं नये, कारण समोर अडथळा नसल्यामुळें दट्ट्या आपटून फुटतो. आणि नेम कागदावर धरावा; झाडावरच्या पांखरांवर नव्हे. वन्य पक्ष्यांना १९७२ च्या कायद्यानें संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मुक्या जिवावर परीक्षा घेण्यांत पुरुषार्थ नाहीं.

सारांश, नेम चुकला असतां बंदुकीला लगेच दोष देऊं नये, आणि आपणांसहि उगाच देऊं नये. अंतर मोजावें, कागद लावावा, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व जें दिसेल तें वहींत प्रामाणिकपणें लिहून ठेवावें. चुकलेल्या छर्‍याचें छिद्र वगळून कागद दाखविण्याचा मोह प्रत्येकास होतो. परंतु दोष कोठें आहे हें सांगणारें छिद्र बहुधा तेंच असतें.