कापसाला मिळालेली उसंत

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कापूस वेचणारी यंत्रे झपाट्याने पसरली आणि टेक्सासच्या शेतकऱ्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. यंत्र दिवसभरात एवढा कापूस काढी, की तो ठेवायचा कुठे हेच कळेना. भरलेले ट्रेलर सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या आवारात रांग लावून उभे राहत. ते रिकामे होऊन परत येईपर्यंत महागडे वेचणीयंत्र शेतात नुसते थांबून राही. इकडे बोंडे फुटून रान पांढरे झालेले, आणि पावसाचा नेम नाही. झाडावर भिजलेल्या कापसाचा पांढरेपणा उतरतो, भावही उतरतो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले कृषी अभियंता लॅम्बर्ट विल्क्स यांनी ‘कॉटन इन्कॉर्पोरेटेड’ या संस्थेच्या साहाय्याने यावर तोड काढली. ट्रेलर वाढवण्याऐवजी कापूस दाबून शेताच्या कडेलाच ठेवायचा, हा त्यांचा विचार. त्यातून मॉड्यूल बिल्डर जन्मला.

हे यंत्र म्हणजे चाकांवरची, बिनबुडाची, वरून उघडी अशी प्रचंड लोखंडी पेटी. लांबी सुमारे 32 फूट. बाजू खाली किंचित रुंद, वर निमुळत्या. वेचलेला कापूस वरून ओतायचा, आणि पेटीच्या कडांवरून पुढेमागे सरकणारा हायड्रॉलिक दाबा तो थराथराने चेपत जातो. उंचावरच्या कक्षात बसलेल्या चालकाचे कसब इथे लागते. माथा मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवला नाही, तर खळग्यात पाणी साचून खालचा कापूस सडतो. पेटी भरली की मागचे दार उघडायचे, पेटी चाकांवर उचलायची आणि ट्रॅक्टरने पुढे ओढायची. मागे उरतो सुमारे दहा टन कापसाचा घट्ट ठोकळा. त्यावर ताडपत्री बांधली की झाले.

मला यातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो हा ठोकळा उचलण्याचा. खास ट्रक आपला तळ मागे कलता करून ठोकळ्याखाली घालतो. तळावरच्या साखळ्या ज्या वेगाने कापूस आत ओढतात, त्याच वेगाने ट्रक मागे सरकतो. कापूस जागचा हलत नाही, गाडीच त्याच्याखाली शिरते! जिनिंगमध्ये काटेरी फिरते रूळ तो पुन्हा मोकळा करतात. वेचणी आणि जिनिंग यांची जखडलेली जोडी अशी सुटली: शेतकरी आपल्या वेगाने वेचू लागला आणि जिनिंग कारखाना वेचणी संपल्यावरही कित्येक आठवडे चालू राहू लागला.

मात्र दाबलेला कापूस ओलावा माफ करत नाही. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की आत जिवाणू-बुरशी वाढतात, ठोकळा तापतो, रुई पिवळी पडते, सरकीची उगवणशक्ती जाते. म्हणून दव पडू लागले की वेचणी थांबवतात. लांब दांड्याचा तापमापक पोटात खुपसून पहिल्या आठवड्यात रोज तापमान पाहतात. ते चढतच राहिले, तर तो ठोकळा रांग मोडून आधी जिनिंगला जातो. जागाही उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी निवडतात.

2000 च्या दशकाअखेर जॉन डिअर कंपनीच्या 7760 या वेचणीयंत्राने कापूस दाबण्याचे कामही स्वतःकडेच घेतले. कापूस वेचता वेचता त्याचे दोन-सव्वादोन टनांचे गोल गठ्ठे होतात, त्यांना प्लास्टिकचे आवरण चढते आणि ते शेतात सोडले जातात. माणसे कमी लागतात, पाऊसही बाधत नाही. पण आवरणाचे तुकडे रुईत मिसळू लागले, आणि ते सुतातून काढणे महाकठीण. अखेर 2018 च्या हंगामापासून अमेरिकी कृषिखात्याने रुईच्या प्रतवारीत प्लास्टिकसाठी वेगळे सांकेतिक क्रमांक घातले.

विदर्भ-मराठवाड्यात हे यंत्र जसेच्या तसे येणार नाही. अमेरिकेत पानगळीचे औषध फवारून सगळे रान एकदाच वेचतात. आपल्याकडे बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात, वेचण्या तीन-चार होतात आणि त्याही हातानेच. दाट लागवडीचे, बुटक्या वाणांचे प्रयोग सुरू आहेत. पण ओलाव्याची ती 12 टक्क्यांची रेषा इथेही आहेच. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्क्यांपुढे भाव कापला जातो, 12 च्या पुढे कापूस घेतच नाहीत. आणि चांगल्या भावाची वाट पाहणारा शेतकरी तो साठवतो कुठे? राहत्या घरात, छताला टेकेपर्यंत. आगीची धास्ती असते, अंगाला खाज सुटते, आणि पोरेबाळे त्याच खोलीत निजतात. वेचणीयंत्राच्या प्रयोगांइतकाच पैसा आणि डोके गावागावांत उंच ओट्याच्या, कोरड्या, झाकलेल्या साठवणीवर खर्च व्हायला हवे, आणि ते वेचणीयंत्राची वाट न पाहता, येत्या हंगामापासूनच.