तवंदीच्या ओव्या, बेळगावचा लंपन

निपाणीहून बेळगावकडे निघालं की तवंदीचा घाट लागतो. बरोबर पाहुणा असला की मी सांगतोच, "इंदिरा संतांचं बालपण या तवंदी गावातलं." माहेरच्या त्या दीक्षित, जन्म १९१४ चा. पहाटे घरोघरी जाती फिरायची आणि बायकांच्या ओव्या आपोआप कानावर पडायच्या, असा तो काळ. पुढे 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे कवितासंग्रह आले, 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढी मोठी कवयित्री उतारवयात पुन्हा ओव्यांकडेच वळली आणि त्यातून 'मालनगाथा' उभी राहिली. मला ते सगळ्या पुरस्कारांहून मोठं वाटतं.

मधली वाट सोपी नव्हती. पती ना. मा. संत आणि त्यांचा 'सहवास' हा जोडीनं काढलेला संग्रह. १९४६ मध्ये ते गेले. पदरी लहान मुलं, बेळगावातली शिक्षिकेची नोकरी. तरी कविता थांबली नाही. त्या घरात लिहिणं हे स्वयंपाकपाण्यासारखं रोजचंच काम असणार.

त्यांचा थोरला मुलगा आजोळी दत्तक गेला, म्हणून कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित. वाचकांना तो प्रकाश नारायण संत म्हणून ठाऊक. कऱ्हाडच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवत. साठच्या दशकात लंपन नावाच्या मुलाच्या थोड्या कथा लिहिल्या, मग कितीतरी वर्षं लेखणी गप्प. १९९४ साली 'वनवास' आलं, पाठोपाठ 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानं आजी-आजोबांकडे वाढणारा तो मुलगा असा लिहिलाय, की सुमी या मैत्रिणीकडे बघताना त्याच्या पोटात काय होतं ते आपल्यालाही कळतं. मधली वर्षं वाया गेली असं लोक हळहळून म्हणतात. मला नाही पटत. माणूस खडक शिकवत होता, संसार करत होता, आणि आतला पोरगा सगळं ऐकत बसला होता. घाईनं लिहून संपवला असता तर तो इतका ताजा राहिला नसता.

२००३ मध्ये अपघातात ते गेले. पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी 'अमलताश'मध्ये त्या सहजीवनाची हकिकत लिहिली. म्हणजे सासू, मुलगा, सून, तिघंही लिहिणारी.

२०२४ मध्ये लंपनवर वेबमालिका आली. घरातल्या मुलांना ती जरूर दाखवा, पण आधी 'वनवास' मोठ्यानं वाचा. आमच्या भागातला तो कानडी हेल डोळ्यांनी वाचून अर्धाच कळतो. मी वर्गात वाचायला घेतलं की मागच्या बाकावरची पोरं आपणहून पुढं सरकायची, कारण लंपन त्यांच्यासारखाच बोलत होता.