सुगंध म्हणजे स्वच्छता नव्हे

बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या स्नानाचे व सुगंधी उटीचे सविस्तर वर्णन आहे. त्यातला क्रम लक्षात घ्या. आधी तेल, मग तेल-मळ काढणारे उटणे, मग पाणी. चंदन, कस्तुरी त्यानंतर!

युरोपात १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने थैमान घातले. दूषित, दुर्गंधीयुक्त हवेमुळे रोग होतो, असे तेव्हाचे वैद्य मानत. म्हणून श्रीमंत लोक सुगंधी द्रव्ये जाळीदार डबीत घालून हुंगत असत. प्लेग काही हटला नाही. त्याचे जंतू यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधले. उंदरांवरील पिसवा तो पसरवतात, हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. पिसवेला अत्तराचे काय?

आजही माझ्याकडे जांघेतल्या गजकर्णावर महिनोन्‌महिने सुगंधी पावडर थापून रुग्ण येतात. दुर्गंधी ही अनेकदा आजाराची खूण असते. कानातून येणारा घाण वासाचा पू, अंगावरून जाणारे दुर्गंधीयुक्त पाणी, हिरड्यांतून रक्त व तोंडाला वास अशा तक्रारी अत्तराने झाकू नका, लाजू नका, डॉक्टरांना दाखवा.

काखा, जांघा रोज साबणाने धुऊन कोरड्या करा. कपडे धुतलेले, सुती वापरा. तान्ह्या बाळाला पावडर लावू नका. भुकटी श्वासावाटे छातीत जाते. अत्तर हवे तर जरूर लावा, पण आंघोळीनंतर आणि कपड्यांवर.