मोठा कॅलिपर बसवला की गाडी लवकर थांबते का?

मागच्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. सध्या कुडाळला गॅरेजात कामाला आहे. जुनी छोटी कार घेऊन तिची 'स्पोर्ट्स कार' करायचं त्याच्या डोक्यात. रुंद टायर झाले होते, आता दुसऱ्या मोठ्या मॉडेलचे कॅलिपर भंगारातून आणलेले, वर लाल रंग मारलेला. रविवारी मित्रांना घेऊन आंबोलीला जायचं ठरलेलं. "बाई, हे घातले की गाडी चटकन थांबतली ना?"

मी कपाटातून दोन सिरिंज काढल्या, एक ५ मिलीची, एक २० मिलीची. मध्ये नळी, आत रंगीत पाणी. आपण वर्गात पास्कलच्या नियमाला हाच प्रयोग करतो. लहान दट्ट्या दाबला की मोठा वर येतो, जोर जास्त मिळतो, पण सरकतो थोडाच. ब्रेकमध्ये पेडलकडचा मास्टर सिलिंडर ही लहान सिरिंज आणि चाकाजवळचा कॅलिपर ही मोठी. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीऐवजी ६० मिमीचा घेतला तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं. जोरही तेवढा वाढतो. पण तेल तेवढंच जास्त लागतं, म्हणून पेडल आणखी खोल जातं. जोर काही फुकट मिळत नाही! मुलांना गणितासाठी हे उदाहरण जरूर द्या.

दुसरा मुद्दा तोलाचा. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, म्हणून कंपनी पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण ठरवून देते. एकाच बाजूचे कॅलिपर बदलले की ते बिघडतं. पुढचे फार जोरकस झाले तर पुढची चाकं आधी जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मागचे झाले तर गाडी गर्रकन फिरते. शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा जोर. ओल्या रस्त्यावर चाक जाम करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्येही असतोच.

मग दुसऱ्या मॉडेलचे भाग कधीच घालू नयेत का? तसंही नाही. आपल्याच कोकणात, अलिबागला, चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर बनवली, तिला इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं. माझदाने एमएक्स-५ ला १.६ ऐवजी १.८ लिटरचं इंजिन दिलं तेव्हा पुढची डिस्क २३५ वरून २५५ मिमी केली. जुन्या १.६ वाले हौशी लोक तेच भाग आपल्या गाडीला बसवतात. पकड चाकाच्या मध्यापासून लांब गेली की तरफेच्या नियमाने आठ-नऊ टक्के फायदा होतो, शिवाय मोठी डिस्क तापते कमी. तिथे भाग एकाच घरातले, एकमेकांना जुळणारे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, हेही मी त्याला सांगितलं. तो हसला.

तापण्यावरून घाट आठवला. आंबोलीहून खाली येताना साधारण ६५० मीटर उतरतो. १००० किलोच्या गाडीची तेवढी ऊर्जा सुमारे ६४ लाख ज्यूल, म्हणजे २० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. गिअर लहान ठेवला तर बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उतरलं तर जवळजवळ सगळा ब्रेकवर. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो. उकळलं की वाफ होते. सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा ठेवून दाबून बघा, सगळा दाब तोच खातो. पेडल थेट फळीला!

"तुझे जुने कॅलिपर आधी उघड," मी म्हटलं.

दोन दिवसांनी त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. मालवणच्या खाऱ्या हवेत कॅलिपरची एक पिन गंजून घट्ट बसलेली, त्यामुळे त्या चाकाचं एकच पॅड झिजून पत्र्याला लागलेलं. बाटलीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. लाल कॅलिपर अजून त्याच्या पडवीत आहेत.