तारण : कुणाचे आणि कशापासून?

माझ्या वडिलांचे घर बौद्ध आहे आणि आईचे माहेर ख्रिस्ती. आजोबांनी १९५६ नंतर साऱ्या वस्तीबरोबर धम्मदीक्षा घेतली. आईचे पणजोबा त्याच्या अर्धशतक आधी, १८९९-१९०० च्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या आश्रयाला गेले होते. दोन्ही घरांची मूळ जात एक, गावकुसाबाहेरची जागाही एक. तरीही आमच्याकडच्या लग्नकार्यात कुणीतरी हळूच म्हणतेच, "ते काय, पोटासाठी बाटले."

मामा वारले तेव्हा दफनाला गेलो होतो. पाळकांनी प्रार्थनेत 'तारण' हा शब्द अनेकदा उच्चारला. परत येताना मामेबहीण म्हणाली, "दादा, तू कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतोस. खरं सांग, देव मानायला काही कारण आहे का, का आम्ही नुसत्या सवयीनं मानतो? आणि तारण म्हणजे तू काय समजतोस?"

मी बौद्ध आहे, देव मानत नाही. पण तिचा प्रश्न टाळणे मला बरे वाटले नाही. आपल्या चळवळीत ख्रिस्ती दलिताचा उल्लेख झाला तर तो सवलतींच्या संदर्भात किंवा टिंगलीच्या स्वरात होतो. त्याचा विश्वास नेमका काय आहे, हे समजून घेण्याची तसदी आपण घेतलेली नाही. नाकारायचे असेल तरी आधी समजून घेतले पाहिजे.

ईश्वराच्या अस्तित्वासाठी ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेल्या कारणांपैकी तीन महत्त्वाची आहेत. पहिले कारणपरंपरेचे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ते पद्धतशीर मांडले. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. ती दुसरी तिसऱ्यावर. ही परंपरा नुसती लांबवून भागत नाही. शेताला पाणी चारीतून येते, चारीत पाटातून येते. पाट कितीही लांब असला तरी लांबी म्हणजे पाणी नव्हे. कुठेतरी धरण असावेच लागते. हे धरण म्हणजे ईश्वर, असा हा युक्तिवाद. "मग ईश्वराला कुणी निर्माण केले?" असा उलट प्रश्न आपण लगेच टाकतो. पण अक्वायनसचे म्हणणे 'प्रत्येक गोष्टीला कारण असते' असे नाहीच. जे स्वतःच्या बळावर उभे नाही त्याला कारण लागते, असे तो म्हणतो. तेव्हा खरा आक्षेप वेगळा आहे. स्वतःच्या बळावर उभे असलेले काही मानायचेच असेल तर ते विश्वच का मानू नये? आणि तसे काही असावेच लागते हे तरी कशावरून? बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद याच ठिकाणी वेगळी वाट धरतो. वस्तू परस्परांच्या आधाराने उत्पन्न होतात. त्यासाठी आदिकारण गृहीत धरण्याची गरज नाही.

दुसरे कारण रचनेचे. विल्यम पेलीने १८०२ साली घड्याळाचे उदाहरण दिले. माळरानावर घड्याळ सापडले तर ते कुणीतरी घडवले असे आपण म्हणू. मग डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचना घडवणाऱ्याशिवाय कशी होईल? १८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला आणि घडवणाऱ्याशिवायही अशी रचना नैसर्गिक निवडीतून हळूहळू होऊ शकते हे दिसले. पुढे हा युक्तिवाद सजीवांकडून विश्वाच्या मूलभूत नियमांकडे सरकला. त्यावर आजही वाद चालू आहे. आपल्याला मात्र येथे आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विराट पुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण निघाले, हीसुद्धा एक 'रचना'च होती. जे आहे ते कुणीतरी योजून केले आहे, हे वाक्य ज्याला सर्वांत खाली ठेवले त्याच्या कानाला फार वेगळे ऐकू येते.

तिसरे कारण नीतीचे आहे आणि मला ते सर्वांत जड वाटते. कांटने बुद्धीने ईश्वर सिद्ध करण्याचे प्रयत्न फोल ठरवले. पण १७८८ च्या ग्रंथात त्यानेच एक वेगळी गोष्ट सांगितली. माणसाने सदाचरण केले पाहिजे आणि सदाचरणी माणूस सुखी झाला पाहिजे, अशी नीतीची मागणी आहे. या जगात तसे घडत नाही. म्हणून नीती व्यर्थ ठरू नये यासाठी ईश्वर आणि अमरत्व गृहीत धरावे लागते. त्याच्या मते हा पुरावा नाही. ते नैतिक जीवनाचे गृहीतक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मारणाऱ्यांना कोर्टाने कोणतीही शिक्षा दिली तरी मेलेल्यांना न्याय कुठे मिळतो? हा प्रश्न ज्याला कधी पडलाच नाही, त्याने आस्तिकाला हसू नये. माझे उत्तर वेगळे आहे : न्यायाची मागणी खरी आहे म्हणून ती पुरी करणारा कुणी आहेच, असे सिद्ध होत नाही. ती पुरी करण्याची जबाबदारी मग आपल्यावरच येते.

पास्कलने मांडलेला डाव, म्हणजे देव मानण्यात तोटा काहीच नाही आणि फायदा अमर्याद आहे, मी सोडून देतो. हिशेबाने धरलेली श्रद्धा पाळकालाही आवडणार नाही.

हे सारे युक्तिवाद मान्य केले तरी फार तर एक आदिकारण किंवा एक न्यायाधीश हाती लागतो. वधस्तंभावरचा येशू त्यातून मिळत नाही. माझी मामी अक्वायनस वाचून ख्रिस्ती राहिलेली नाही. तिचा विश्वास तारणावर उभा आहे.

मराठीत 'तारण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उद्धार, दुसरा कर्जापोटी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. आपल्या आजोबा-पणजोबांना दुसरा अर्थ अधिक ओळखीचा होता. योगायोगाने ख्रिस्ती कल्पनेत दोन्ही अर्थ भेटतात. माणूस पापाकडे गहाण पडला आहे आणि त्याला सोडवून आणणे म्हणजे तारण.

पाप म्हणजे येथे चोरी-शिंदळकी एवढेच नव्हे. ईश्वराशी आणि माणसाशी असलेले नातेच बिघडले आहे, अशी ती अवस्था आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सर्व माणसे, यहुदी असोत वा इतर, या अवस्थेत सारखीच असल्याचे प्रतिपादन आहे. जन्माने शुद्ध कुणीच नाही. ब्राह्मण आणि मांग एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत, ही गोष्ट त्या दुष्काळातल्या माणसाने पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याला काय वाटले असेल? कर्मसिद्धान्ताने त्याला सांगितले होते की तुझा जन्म हीच तुझी शिक्षा आहे.

दुसरी कल्पना कृपेची. ही सुटका माणूस स्वतःच्या पुण्याने मिळवू शकत नाही, ती फुकट मिळते. पाचव्या शतकात पेलेगियसने माणसाच्या प्रयत्नावर भर दिला तेव्हा ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला. १५१७ नंतर ल्यूथरने 'केवळ विश्वासाने' असा आग्रह धरला. रोमच्या धर्मसभेने ट्रेंट येथे विश्वासाबरोबर सत्कर्मही जोडले. याच वादावर चर्च फुटले, आणि १९९९ साली लुथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी ऑग्सबर्ग येथे या मुद्द्यावर मूलभूत एकमताच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या.

तिसरा प्रश्न : वधस्तंभाने सुटका होते कशी? अकराव्या शतकाच्या अखेरीस अॅन्सेल्मने उत्तर दिले की पापाने ईश्वराच्या प्रतिष्ठेचे ऋण चढते. ते माणसाने फेडायला हवे, पण फेडू शकतो फक्त ईश्वर. म्हणून ईश्वर माणूस झाला. आपल्याला हा ईश्वर मानपानाला चटावलेल्या पाटलासारखा वाटतो. तरी न्यायाने हेही सांगितले पाहिजे की या कथेत सावकारच कुळाचे कर्ज आपल्या जिवाने फेडतो. आबेलार्डने पुढच्याच शतकात वेगळे सांगितले : वधस्तंभावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, तेच तारण.

खरा वाद चौथ्या प्रश्नावर आहे. तारण कशापासून? फक्त नरकापासून, की गुलामीपासूनही? बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर जे लिहिले, आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, त्यात नेमके येथेच बोट ठेवले आहे. हिंदू असताना त्याला सांगितले जाते की तुझे अधःपतन पूर्वकर्माने झाले. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले जाते की ते पूर्वजाच्या पापाने झाले. दोन्हीकडे समाजव्यवस्था मोकळी सुटते. चर्चमध्ये शिरलेल्या जातीवरही त्यांनी तितकेच कठोर लिहिले.

या टीकेला चर्चच्या आतूनही उत्तर आले. १९६९ साली अमेरिकेत जेम्स कोनने काळ्यांच्या मुक्तीचे ईश्वरशास्त्र मांडले. १९७१ साली पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझने दरिद्र्यांच्या बाजूने तारणाचा अर्थ लावला. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राचा विषय काढला आणि त्यातून दलित ईश्वरशास्त्र उभे राहिले. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका जाहीर करतो. या मंडळींच्या मते तारणाची सुरुवात तेथून होते.

पण कायद्याचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या सूसाई यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली फेटाळला. ख्रिस्ती झाल्यावरही त्याच यातना टिकतात, याचा पुरेसा पुरावा न्यायालयापुढे नव्हता. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली पुन्हा एक आयोग नेमला गेला. आम्हा बौद्धांनाही ३४ वर्षे हीच अट भोगावी लागली. हे विसरून आपण 'पोटासाठी बाटले' म्हणत असू, तर आपली स्मरणशक्ती फार आखूड आहे. आणि दुष्काळात पोटासाठी कुणी दार ठोठावले, तर शरम त्याची की ज्यांनी आधी दारे बंद ठेवली त्यांची?

बहिणीला मी एवढेच म्हणालो, "देव आहे हे तर्काने मला पटलेले नाही. पण तुम्ही मानता त्यामागे सवयच आहे, असंही मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे. आम्ही मार्गदाता निवडला. चालायचं आमच्या पायांनी."

ती म्हणाली, "चालायचं आम्हालाही आहेच, दादा. बाबांनी सरपंचाशी आठ वर्षं भांडून वस्तीच्या विहिरीची वाट मोकळी केली. ते म्हणायचे, प्रभूनं माझं तारण केलंय, आता मी कुणाला घाबरू?"

मला यावर काही बोलता आले नाही. त्या विहिरीचे पाणी आमचीही वस्ती पिते.