बेटावरचे बांधकाम आणि पाण्याचा ताळेबंद

ढाणकीच्या परिसरात घर बांधणारा आधी काळ्या मातीचा विचार करतो. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती उथळ पायावरची भिंत तडकवते. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत खोदल्यावाचून पाया भरत नाही. परंतु येथीलच बचत जेव्हा कोकण, केरळ किंवा अंदमानातील एखाद्या पर्यटन प्रकल्पाकडे वळते, तेव्हा तेथील जमिनीचा स्वभाव सहसा कोणी विचारत नाही. छापील पत्रकातील निळ्या पाण्यावरच नजर खिळते.

बेटाचा स्वभाव फार निराळा असतो. लक्षद्वीपची एकूण जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर. 36 बेटांपैकी वस्ती 10 बेटांवर. प्रवाळाच्या चुऱ्यापासून घडलेल्या या भूमीवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा भिंगाच्या आकाराचा थर तरंगत राहतो. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर असते, असा ढोबळ नियम आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर वरच्या खात्यातून एक रुपया काढला की खालच्या खात्यातून चाळीस वजा होतात, आणि ती जागा खारे पाणी घेते. तेथे पंप लावून उपसा करणे अथवा विहिरीशेजारी शोषखड्डा घेणे म्हणजे मुद्दलालाच हात घालणे होय. कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला, त्यामागे हीच टंचाई होती.

आपल्या पूर्वजांना हे भान होते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर 1664 ते 1667 या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला. खडकाळ बेटाच्या कडेकडेने नागमोडी तट फिरवला गेला आणि आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सांभाळल्या गेल्या. चहूकडे समुद्र असताना त्या विहिरींचे पाणी गोड राहिले, ही तटाइतकीच मोलाची गोष्ट.

निकोबारच्या लोकांची परंपरागत घरे खांबांवर उचललेली, गोल, गवताने शाकारलेली. खालून वारा खेळतो आणि जमीन मोकळी राहते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तेथे पत्र्याचे तात्पुरते निवारे उभारले गेले. हेतू चांगला होता. पण विषुववृत्ताजवळच्या उन्हात पत्रा तापतो, हे सांगायला वास्तुविशारद कशाला हवा?

केरळच्या वेंबनाड सरोवरातील नेडियतुरुतु बेटावरील प्रकरण गुंतवणूकदारांनी मुळातून समजून घ्यावे असे आहे. तेथे 54 व्हिलांचे आलिशान रिसॉर्ट उभारले गेले. किनारपट्टी नियमांचा भंग झाल्याचे ठरवून उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि सप्टेंबर 2022 मध्ये पाडकाम सुरू झाले. तेथील मच्छीमारांची तक्रार साधी होती: बांधकामामुळे त्यांच्या जाळ्यांच्या जागा गेल्या. ती वेळीच ऐकली असती, तर भांडवलही वाचले असते.

किनारपट्टीसंबंधीची पहिली अधिसूचना फेब्रुवारी 1991 ची आहे. तेव्हा नियम नवे होते, हे कारण पुढे करता येत नाही. कर्ज मंजूर झाले म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरले, असा समज व्यापारी वर्गात आढळतो. वस्तुतः गहाणखत निराळे आणि किनारपट्टी प्राधिकरणाची परवानगी निराळी. शिवाय परवानगीचा कागद हाती असला, तरी सांडपाणी कोठे जाणार, वाळू कोठून येणार, हे विचारलेच पाहिजे. बेटाच्याच पुळणीवरची वाळू उचलली, तर लाटांना अडवणारा बांधच उचलला जातो. आणि खारी वाळू न धुता वापरली, तर सळई काही वर्षांतच गंजू लागते. दिव्यांचाही विचार हवा. अंड्यांतून बाहेर पडलेली कासवाची पिल्ले रात्री उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावर झगमगाट असेल, तर समुद्राऐवजी ती जमिनीकडे वळतात.

मुंबईसमोरच्या घारापुरीला, 1987 पासून जागतिक वारसा ठरलेल्या लेण्यांच्या त्या बेटाला, समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. आता विजेपाठोपाठ बांधकामेही येतील. तेथे पहिला आराखडा मांडणाऱ्याने बेटावर पाऊस किती पडतो आणि त्यातला किती साठवता येतो, हा आकडा आधी काढावा. खोल्यांची संख्या त्यानंतर ठरवावी.